सुकलाल चहा पीत होता

"वाच," साहेब म्हणाले. "मोठ्याने वाच. आणि एकेक वाक्य झालं की म्हणायचं, हे खोटं आहे."

माझ्या हातात त्यांच्या पाक्षिकाचा ताजा अंक होता. तिसरं पान. खालच्या कोपऱ्यात एक चौकट आणि चौकटीत आठ वाक्यं. ती मी लिहिली होती. चार दिवस आधी तोच अंक मी उशाखाली घेऊन झोपलो होतो.

खोलीत आम्ही चौघं होतो. साहेब म्हणजे पाक्षिकाचे संपादक. बँकेत अधिकारी, आणि उरलेल्या वेळात सुरतेतल्या मराठी माणसांसाठी पाक्षिक काढायचे. घराची पुढची खोली हेच त्यांचं ऑफिस. सोफ्यावर त्यांच्या शेजारी शेठ बसले होते, मी ज्या लूमच्या कारखान्यात कामाला होतो त्याचे मालक. कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. दाराजवळच्या स्टुलावर एक माणूस बसला होता, त्याला मी ओळखत नव्हतो. तो बशीतून चहा पीत होता. मी पायपुसण्यावर उभा होतो. चपला बाहेर काढल्या होत्या, तरी पुढे ये असं कुणी म्हटलं नव्हतं आणि मीही गेलो नव्हतो.

मी वाचायला लागलो.

"हिरामण झिपरू, वय एकतीस, राहणार नवागाम, यांचा मंगळवारी दुपारी विजेचा धक्का बसून मृत्यू झाला. हे खोटं आहे."

"ते लिंबायतमधील एका यंत्रमाग खात्यात कामाला होते. हे खोटं आहे."

"खात्याच्या नोंदवहीत त्यांचं नाव सुकलाल असं आहे. हे खोटं आहे."

इथे शेठ हसले. स्टुलावरच्या माणसाकडे हात करून म्हणाले, "सुकलाल तो आ बेठो. मरेलो माणस चा पीए छे."

साहेबांनाही हसू आलं. स्टुलावरचा माणूस हसला नाही. त्याने बशीत बघत चहा संपवला आणि बशी कुठे ठेवावी ते न कळून हातातच धरून बसला.

"पुढे," साहेब म्हणाले.

मोटारीची वायर महिनाभर उघडी होती. हे खोटं आहे. कामगारांनी ती मुकादमाला दोनदा दाखवली होती. हे खोटं आहे. मृतदेह त्याच संध्याकाळी गाडीने गावी पाठवण्यात आला. हे खोटं आहे. पंचनामा झाला नाही. हे खोटं आहे.

आठवं वाक्य होतं, त्यांच्या मागे पत्नी आणि दोन मुली आहेत. ते वाचलं आणि थांबलो. वाटलं, एवढं एक सोडतील. साहेबांनी भुवया वर केल्या. मग मी तेही म्हणालो. मला काही वाटलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण लोक विचारतात की तेव्हा राग आला असेल, रडू आलं असेल. काही आलं नाही. दात काढण्याआधी सुई देतात ना, तसं सगळं तोंड कुणा दुसऱ्याचं झालं होतं.

साहेबांनी एक कागद पुढे केला. खुलासा आधीच लिहून ठेवलेला होता, खाली सहीपुरती जागा होती. साहेबांच्या लक्षात माझं नाव नव्हतं. वर्षभर ते मला माझ्या वस्तीच्या नावाने "लिंबायत" म्हणून हाक मारत आले होते. ए लिंबायत, हळदीकुंकवाची बातमी आणलीस का. ए लिंबायत, तिकडे मंडळाची आरती किती वाजता.

शेठनी विचारलं, "नाम शुं तारुं?"

मी म्हणालो, "जगन्नाथ."

"जगन्नाथ? आपणा खातामां?"

"हो."

"तो घरनो ज माणस छे," शेठ साहेबांना म्हणाले. घरचाच माणूस म्हणून त्यांनी मला माफ केलं. मी खुलाशाखाली जगन्नाथ अशी सही केली, कागद टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि पायी लिंबायतला आलो.

जगन्नाथ हे माझं नाव नाही.

हे सगळं नव्वदच्या दशकातलं. मी एकोणीस वर्षांचा असताना खानदेशातून सुरतेला आलो. चुलतभाऊ आधीपासून लिंबायतमध्ये होता, त्याच्या खोलीत आम्ही सहाजण राहायचो. दिवसपाळीचे तिघं आणि रातपाळीचे तिघं, गोधड्या त्याच. पहिल्या दिवशी खात्यात गेलो तेव्हा मुकादमाने नोंदवही उघडली, बोट खाली नेलं आणि म्हणाला, "आजपासून तू जगन्नाथ."

मला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. खात्यात माणसं पुष्कळ होती आणि वहीत नावं मोजकी. एक माणूस सोडून गेला की त्याच्या नावावर दुसरा यायचा. नाव वर्षानुवर्षं तेच राहायचं आणि खाली माणसं बदलत जायची. असं असलं की कुणीच जुना होत नाही, कुणाचाच हक्क बसत नाही. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की "जगन्या" अशी हाक आली की ओ द्यायची. सहा महिन्यांत खोलीतही सगळे जगन म्हणायला लागले. चुलतभाऊसुद्धा म्हणायचा. आईचं पत्र आलं की पाकिटावर माझं खरं नाव दिसायचं आणि क्षणभर वाटायचं, पोस्टमनने चुकून दुसऱ्याचं दिलं.

मला काम हिरामणने शिकवलं. धागा तुटला की लूम न थांबवता गाठ कशी मारायची, धोटा अडकला तर हात कुठून घालायचा आणि कुठून घालायचा नाही. तो वहीत सुकलाल होता. पण खात्यात एवढा एकच माणूस असा होता की शेजारच्या लूमवरून मला खऱ्या नावाने हाक मारायचा. लूमच्या आवाजात ती ऐकू यायची नाही. ओठांवरून कळायची.

लिंबायतमध्ये एक मोफत वाचनालय होतं. एक खोली, तिच्यात उतरत्या फळ्यांचे लाकडी स्टँड आणि प्रत्येक स्टँडवर लोखंडी पट्टीखाली अडकवलेलं वर्तमानपत्र. उभं राहून वाचायचं. मी पहिल्यांदा आत शिरलो तो पंख्यासाठी. तिथले काका गुजराती होते. मी दारात घुटमळलो तेव्हा म्हणाले, "आव ने. वांचवाना पैसा नथी लागता."

माझं शिक्षण दहावीपर्यंत, तेही गणितात गटांगळ्या खाऊन. वाचायचं वेड कसं लागलं ते मला नीट सांगता येत नाही. पण काही महिन्यांतच मी नुसतं वाचत नव्हतो, बघत होतो. बातमी सुरू कुठून होते. काय आधी सांगतात, काय शेवटी ढकलतात. एक दिवस एक बातमी दोनदा वाचली, खोलीवर येऊन आठवून लिहून काढली, दुसऱ्या दिवशी नेऊन ताडून बघितली. माझी दुप्पट लांब होती आणि मुद्दा शेवटी होता. मग रोज तेच. कागद आणायचा कुठून? सुताच्या कोनांच्या खोक्यात दोन थरांमध्ये पुठ्ठे असतात. ते खात्यात फेकून द्यायचे. मी ते कापून त्यावर लिहायचो. चुलतभाऊ म्हणायचा, "वकील व्हई ऱ्हायना का?"

मास्तर नव्हता, फी नव्हती, परीक्षा नव्हती. अभ्यासक्रम पाळी ठरवायची. रातपाळी असली की सकाळी वाचनालय, डोळे चुरचुरत असताना. दिवसपाळीच्या आठवड्यात फक्त सुट्टीचा दिवस. कधी महिना महिना एकच धडा चालायचा. गुजराती लिपी मी बसवरच्या आणि दुकानांवरच्या पाट्यांवरून शिकलो, त्यालाच पाच महिने गेले. घाई करायला कुणी नव्हतं.

गुजराती यायला लागलं तेव्हा मोठा धडा मिळाला. कापडाच्या एका गोदामाला आग लागली होती. तीच बातमी मी तिन्ही पेपरांत वाचली. गुजराती पेपरात मालकाचं नाव होतं, दुकानाचं नाव होतं. हिंदीत मालाचं नुकसान. मराठी पेपर गाडीने एक दिवस उशिरा यायचा, त्यात दोन ओळी. तिन्हींत एक गोष्ट सारखी होती. आगीत एक मजूर मेला होता आणि तिन्हींत तो "एक मजूर" होता.

मी हे हिरामणला सांगितलं. पाळी सुटल्यावर आम्ही टपरीवर बसायचो, मी त्याला माझे पुठ्ठे वाचून दाखवायचो. त्याला वाचता येत नव्हतं. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी एखादा प्रश्न विचारायचा. त्या दिवशी त्याने विचारलं, "त्या मजूरनं नाव काय व्हतं रे?"

मी म्हटलं, दिलेलं नाही.

"कोनी इचारंच नसई," तो म्हणाला आणि बिडी विझवली.

त्या रात्री मी पुठ्ठ्यावर लिहिलं, मी कधी बातमी लिहिली तर नावाने सुरू करीन. दोन वर्षांत वाचनालयात जे शिकलो त्यातलं हे एकच वाक्य माझं स्वतःचं होतं, आणि तेही अर्धं हिरामणचं.

पाक्षिकाचा अंक वाचनालयात यायचा. त्यात होतं, वस्त्यांमधून प्रतिनिधी हवेत. मी पत्र लिहिलं. साहेबांनी बोलावलं, पायपुसण्यावर उभं केलं आणि प्रतिनिधी केलं. मी बारशाच्या, आरतीच्या, निवड झाल्याबद्दल सत्काराच्या बातम्या आणून द्यायचो. "आमच्या लिंबायतच्या प्रतिनिधीकडून" एवढं छापून यायचं. पायपुसणं मला तेव्हा खटकलं नाही. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटायचा.

मग तो मंगळवार आला. हिरामणच्या लूमच्या मोटारीची वायर सोललेली होती. त्याने मुकादमाला दोनदा दाखवली, दुसऱ्यांदा मी बरोबर होतो. मुकादम म्हणाला, बघू. मंगळवारी दुपारी कूलरचं पाणी सांडून जमिनीवर आलं. हिरामण गाठ मारायला वाकला आणि सरळ झालाच नाही. मी समोर होतो. कुणीतरी मेन स्विच पाडला आणि सगळी लूम्स एकदम थांबली. तीन वर्षांत मी त्या खात्यात शांतता ऐकली नव्हती.

आता जे सांगतो ते आमचं आम्ही केलं. मुकादम आला, त्याने नाडी बघितली आणि विचारलं, "गावी न्यायचंय ना? गाडी मागवू?" आमच्यात माणूस परमुलखात गेला तरी माती गावचीच लागते. ती मिळाली नाही तर मागच्यांना गावात तोंड दाखवता येत नाही. सुरतेत वारलेल्या माणसाला गावी पोचवणं हे भाऊबंदांचं पहिलं काम. म्हणून आम्ही हो म्हटलं. हात जोडून म्हटलं. शेठने गाडी दिली तेव्हा दोघंतिघं म्हणाले, देवमाणूस आहे. पोलीस, दवाखाना हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. उलट पोलीस आले तर मातीला उशीर होईल, हीच धास्ती होती. हिरामणला गाडीत ठेवताना पाय मी धरले होते. दिवस मावळायच्या आत गाडी उधना ओलांडून सुरतेबाहेर गेली आणि तिच्याबरोबर तो खात्यात कामाला होता याचा एकुलता एक पुरावाही गेला.

हे मला वाचनालयात कळलं. दोन दिवसांनी मी बातमी लिहायला बसलो. नमुन्यासाठी अपघाताच्या जुन्या बातम्या काढल्या. प्रत्येकीत एक वाक्य होतंच, पोलिसांनी पंचनामा केला. प्रत्येकीत होतं, मृतदेह तपासणीसाठी पाठवला. माझ्या बातमीत त्या दोन्ही वाक्यांच्या जागी घालायला काहीच नव्हतं. मी बराच वेळ स्टँडपाशी उभा राहिलो. काकांनी विचारलं, तबियत बरी आहे ना. मी हो म्हटलं. मग लिहिलं, पंचनामा झाला नाही. आणि नोंदवहीतलं नावही लिहिलं, कारण पेपर वाचून मी शिकलो होतो की कागदाला धरून लिहावं. माझी ती हुशारीच शेठच्या कामी आली. सुकलाल मेला असं मी लिहिलं आणि शेठने सुकलाल आणून दाखवला.

साहेब त्या आठवड्यात लग्नाला पुण्याला गेले होते. प्रेसवाल्याला तिसऱ्या पानावर जागा रिकामी दिसली, त्याने माझा कागद लावून टाकला. साहेब असते तर आलीच नसती. पाक्षिकाचं शेवटचं पान दर वेळी शेठचं असायचं, शुभेच्छांच्या जाहिरातीचं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

सहीनंतर मी वाचनालयात गेलो नाही. कामावर गेलो. "जगन्या" म्हटलं की ओ दिली. हिरामणच्या लूमवर तो स्टुलावरचा माणूस होता, नवा सुकलाल. वायरवर आता काळी पट्टी गुंडाळलेली होती. आम्ही दोघं शेजारी शेजारी बारा बारा तास उभे राहायचो आणि एकमेकांकडे बघायचो नाही. पुठ्ठे मी खोलीत पत्र्याखाली सरकवून दिले. जेवायचो, झोपायचो. कुणी काही बोलायला आलं की मनात त्याच्या वाक्यानंतर माझं ठरलेलं वाक्य उमटायचं. भाजी आळणी झाली रे. हे खोटं आहे. उद्या लाइट जाणार म्हणे. हे खोटं आहे.

महिन्याभराने सुट्टीच्या दिवशी सुमनवहिनी आली. हिरामणची बायको. नवागामची खोली रिकामी करायला गावाहून आली होती. मोठी मुलगी बरोबर होती, ती दारातच बसली. वहिनीने पदराआडून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीत घडी घातलेलं ते तिसरं पान होतं.

"हाई वाची दाखाड," ती म्हणाली. तिलाही वाचता येत नव्हतं. मी पान हातात घेतलं. पहिलं वाक्य वाचलं आणि तोंड आपोआप पुढच्या तीन शब्दांसाठी उघडलं. मी ते मिटलं. दुसरं वाचलं. परत तेच झालं. असं आठ वेळा. आठव्या वाक्याला वहिनीने मुलीकडे बघितलं.

"आखो एकदाव वाच."

मी पुन्हा वाचलं. मग तिने सांगितलं. गावात ग्रामसेवक म्हणाला, माणूस सुरतेत वारला, नोंद सुरतेत होईल. सुरतेत ऑफिसात विचारलं, कुठल्या दवाखान्यात, पोलिसांचा कागद कुठे. खात्यावर गेली तर मुकादम म्हणाला, हिरामण नावाचा माणूस आमच्याकडे कधीच नव्हता. गावच्या वहीत तो जिवंत होता आणि खात्याच्या वहीत तो जन्मलाच नव्हता.

"हाऊ एकच कागद शे मनाजोडे," ती म्हणाली.

तिला पुढच्या अंकाबद्दल माहीत नव्हतं. खुलासा छापून आला होता, "प्रतिनिधीच्या अज्ञानातून" वगैरे. मी तिच्यासमोर बसलो होतो आणि मला वाटत होतं की हिने उठून जावं, सांगायची वेळ येऊ नये. ती उठली नाही. मग मी सांगितलं. त्या खोलीत काय झालं, सगळं. बातमी खोटी आहे म्हणून मी सही करून दिली, हेही सांगितलं.

 मुलगी दारातून आमच्याकडे बघत होती. वहिनीने विचारलं, "कोना नाववर सही करी तू?"

"जगन्नाथना."

"मंग ती तुनी सही नही," ती म्हणाली. पान घडी घालून पिशवीत ठेवलं. "तुनी बाकी शे."

एवढंच. रडली नाही, दोष दिला नाही. पाणी प्यायली आणि मुलीला घेऊन गेली. मी तिथेच बसून राहिलो. शेठ विचारतो, नाव काय, आणि मी न अडखळता जगन्नाथ म्हणतो. मेलेल्या माणसाचं खरं नाव मी छापलं होतं. स्वतःचं मात्र तोंडावर आलं नव्हतं. ही लाज त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. साहेबांच्या पायपुसण्यावर वाटायला हवी होती, ती महिन्याभराने माझ्याच खोलीत वाटली, आणि ती मला अजूनही वाटते.

दुसऱ्या दिवशी दिवसपाळी होती. खात्याच्या दारात मुकादम हजेरी घेत होता.

"जगन्नाथ."

मी समोर उभा होतो. ओ दिली नाही.

"जगन्नाथ. ए बहिऱ्या."

"तो इथे नाही," मी म्हणालो.

मुकादमाने वहीतून मान वर केली. "मग तू कोण?"

मी माझं नाव सांगितलं. बापाचं नाव, आडनाव, गाव. मागे रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. स्वतःच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायला मला विचित्र वाटलं. आवाज नीट आला नव्हता, म्हणून मी ते परत एकदा सांगितलं.

"या नावाचं इथं कुणी नाही," मुकादम म्हणाला.

"तीन वर्षं आहे. लिहून घ्या."

त्याने वही मिटली आणि मला बाजूला व्हायला सांगितलं. मी बाजूला झालो, आत गेलो नाही. दुपारपर्यंत जगन्नाथच्या जागी नवा माणूस उभा होता. चुलतभावाने संध्याकाळी माझी पिशवी भरून दाराशी ठेवली. म्हणाला, मलाही त्याच खात्यात राहायचंय. मी त्याच्यावर चिडलो नाही. पत्र्याखालचे पुठ्ठे काढून घेतले आणि नवागामला एका ओळखीच्याकडे आलो. पर्वत पाटिया भागातल्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालायचं काम मिळालं. तिथेही वही होती. माझं नाव लिहिल्याशिवाय मी घडीला हात लावला नाही.

तीच बातमी मी पुन्हा लिहिली. या वेळी नऊ वाक्यं. नववं असं होतं, ही घटना समोर पाहणारा आणि ही बातमी लिहिणारा त्याच खात्यात जगन्नाथ या नावाने कामाला होता, त्याचं खरं नाव खाली दिलं आहे. खाली नाव, पत्ता, सही. वाचनालयात येणाऱ्या तिन्ही पेपरांना पाठवली. रोज जाऊन बघायचो. तिघांनीही छापली नाही.

मग मी पेपरांची वाट बघायचं सोडून दिलं.

आमच्या खानदेशी माणसांच्या मंडळाचा एक फळा आहे, खात्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी. कुणी वारलं, कुणाची दशक्रिया, गावची गाडी कधी, हे त्यावर खडूने लिहितात. पाळी सुटली की सगळे तिथे थांबून वाचतात, ज्यांना येत नाही ते विचारतात. मंडळाच्या म्हाताऱ्यांना विचारून मी एका सुट्टीच्या दिवशी सकाळपासून तिथे उभा राहिलो. वर हिरामणची नऊ वाक्यं लिहिली. त्याखाली उभी रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे वहीतलं नाव, उजवीकडे खरं. पहिल्या ओळीत जगन्नाथ आणि त्यापुढे मी.

संध्याकाळी पाळी सुटली. माणसं थांबली. वाचलं. एकाने दुसऱ्याला वाचून दाखवलं. बरेच जण मुकाट निघून गेले. एकजण म्हणाला, हे पुसून टाक, सगळ्यांना घालवशील. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. तरी त्या दिवशी तिघांनी नावं सांगितली. तिसरा सांगताना थोडा अडखळला, बापाचं नाव आधी आठवलं.

सगळे गेल्यावर तो आला. स्टुलावरचा. फळ्यासमोर उभा राहून त्याने सगळं वाचलं, त्याला वाचता येत होतं. सुकलाल हे नाव आलं तिथे त्याची मान थांबली.

"तुझं नाव काय?" मी विचारलं.

"सुकलाल."

"ते हिरामणचंही होतं. तुझं सांग."

त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग निघून गेला. मी डाव्या रकान्यात सुकलाल लिहिलं आणि उजवी जागा कोरी ठेवली.

वहिनीला कागद मिळेल की नाही, मला माहीत नव्हतं. शेठला काही होईल असं वाटत नव्हतं. पण हिरामण मेल्यावर मी त्याचं नाव लिहायला बसलो, तिथेच उशीर झाला होता, एवढं मला कळलं होतं. यापुढे नाव माणूस जिवंत असताना विचारायचं. नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी परत विचारायचं. वायर अजून त्याच मोटारीला होती, वरून नुसती काळी पट्टी होती.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या आधी मी फळ्यापाशी जाऊन उभा राहिलो. खडू माझ्या हातात होता.